अंतर्कर्णाचे दर्शन : एका शोधाचा इतिहास



मी इतिहासाचा शिक्षक. कानाच्या रचनेवर लिहिण्याचा अधिकार खरे म्हणजे विज्ञानाच्या शिक्षकाचा. तरीही हा विषय मी निवडला, त्याला एक कारण आहे आणि ते प्रथम सांगितलेच पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात माझा एक विद्यार्थी होता. शेवटच्या बाकावर बसे. श्रुतलेखनात निम्मे शब्द सोडून देई. प्रश्न विचारला की माझ्या तोंडाकडे टक लावून पाही आणि भलतेच उत्तर देई. वर्ग हसे. मी त्याला बेपर्वा ठरवले, दोन-तीनदा तासभर उभेही केले. एके दिवशी बाकांची अदलाबदल झाली, तो अगदी माझ्यासमोर आला आणि त्या आठवड्यात त्याची उत्तरे बरोबर येऊ लागली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी फळ्याकडे तोंड करून बोलत असे, तेव्हा त्या मुलाला काहीच ऐकू येत नव्हते. समोर असताना तो माझे ओठ वाचत होता.

तपासणी झाली. दोन्ही कानांत दोष निघाला. त्याची आई शाळेत आली आणि तिने मला विचारले, "सर, डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं. पडदा चांगला आहे म्हणाले. कानात काहीच दिसत नाही, मग पोरगं बहिरं कसं?"

मला उत्तर देता आले नाही. नंतर वाचत गेलो, तेव्हा कळले की त्या माउलीचा प्रश्न लहान नव्हता. "कानात दिसत का नाही?" या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माणसाची साडेचारशे वर्षे गेली आहेत. हा लेख म्हणजे तिला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

आरंभ

कुरआन शरीफमध्ये 'समअ' म्हणजे श्रवण आणि 'बसर' म्हणजे दृष्टी या दोन देणग्यांचा उल्लेख अनेक ठिकाणी एकत्र येतो आणि बहुतेक ठिकाणी श्रवणाचे नाव आधी येते. आपल्या पूर्वजांनी या दोन्ही इंद्रियांचा अभ्यास केला. बसरा येथे जन्मलेले इब्न अल्-हैसम यांनी अकराव्या शतकाच्या आरंभी प्रकाश आणि दृष्टी यांवर सात भागांचा ग्रंथ लिहिला. त्याचे लॅटिन भाषांतर युरोपात पुढे कित्येक शतके वाचले गेले. भिंग, दुर्बीण, सूक्ष्मदर्शक या सर्वांच्या मागे जी प्रकाशविद्या आहे, तिचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. त्यांचेच समकालीन इब्न सीना (९८०-१०३७) यांनी 'अल्-कानून' या वैद्यकग्रंथात कानाच्या विकारांसाठी स्वतंत्र प्रकरणे लिहिली.

परंतु कानाचा सर्वांत आतला भाग त्या काळी कोणालाच नीट दिसू शकत नव्हता. कारण उघड आहे. बाहेरचा कान आणि पडदा दिसतो. पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवली हाडे असतात. त्यांच्याही पलीकडे, शरीरातील सर्वांत कठीण हाडांपैकी एकाच्या पोटात अंतर्कर्ण लपलेला आहे. जणू तिजोरीच्या आत तिजोरी.

इ. स. १५६१ मध्ये पादुआ विद्यापीठातील गाब्रिएले फालोप्पियो यांनी या हाडातील वळणदार पोकळीचे वर्णन केले आणि तिला गोगलगाईच्या शंखावरून नाव दिले. आपण तिला कर्णावर्त म्हणतो. माणसाच्या कर्णावर्ताला सुमारे अडीच वेढे असतात. तो सरळ केला तर त्याची लांबी जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. तुमच्या करंगळीच्या दोन पेरांएवढ्या जागेत आईची हाक, अजानचा सूर, वर्गातला धडा हे सारे मावते.

कोर्ती यांचे भिंग

शंख सापडला, पण शंखात कोण राहते हे कळायला आणखी जवळजवळ ३०० वर्षे लागली. १८५१ मध्ये आल्फोन्सो कोर्ती या २९ वर्षांच्या इटालियन संशोधकाने जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे काम करून कर्णावर्ताच्या आतील नाजूक पडद्यावर बसलेल्या पेशींच्या रांगांचे वर्णन प्रसिद्ध केले. आजही त्या अवयवाला 'कोर्तीचा अवयव' असेच म्हणतात. त्यानंतर कोर्ती संशोधनापासून दूर झाले. पण तो एकच निबंध त्यांचे नाव जगभर नेण्यास पुरेसा ठरला.

पुढे स्वीडनचे गुस्ताफ रेट्झियस यांनी १८८० च्या दशकात मासा, बेडूक, पक्षी, माणूस अशा अनेक प्राण्यांचे अंतर्कर्ण तपासून त्यांच्या अप्रतिम आकृत्या काढल्या आणि पेशींची मोजदादही केली. माणसाच्या एका कानात रोमपेशी सुमारे १५,००० असतात. त्यांपैकी आतल्या रांगेत सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या तीन रांगांत सुमारे १२,०००. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींहून अधिक असतात, हे लक्षात घ्या. ऐकण्याची आपली सारी पुंजी केवळ १५,००० पेशींची आहे. आणि मुख्य गोष्ट अशी की माणसाच्या कानात ही पेशी एकदा मेली की तिच्या जागी नवी उगवत नाही.

या पेशींना 'रोमपेशी' म्हणतात, कारण प्रत्येकीच्या माथ्यावर बारीक केसांसारखा झुबका असतो. आवाजाने पडदा हलतो, हाडे हलतात, कर्णावर्तातील द्रवात लाट उठते. ती लाट कशी धावते हे जॉर्ज फॉन बेकेशी यांनी दाखवून दिले. ते बुडापेस्टला जन्मले आणि तेथील टेलिफोन खात्यात काम करणारे अभियंते होते. मृत माणसांच्या कर्णावर्तात चांदीचे कण टाकून लुकलुकत्या प्रकाशात त्यांनी त्या लाटेचा प्रवास पाहिला. १९६१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विद्यार्थी मित्रांनो, टेलिफोनच्या तारा तपासणाऱ्या माणसाने वैद्यकाचे नोबेल मिळवले. विषयांच्या भिंती आपण घालतो, ज्ञानाला त्या माहीत नसतात.

प्रकाश थकला तेथे

पण झुबक्यातील केसांचे काय? ते वाकल्यावर पेशीला कसे कळते? येथे भिंगाचा सूक्ष्मदर्शक थांबला. प्रकाशाची स्वतःची लाट असते आणि त्या लाटेच्या निम्म्याहून लहान वस्तू प्रकाशाने स्पष्ट दिसत नाही. ही मर्यादा जवळपास २०० नॅनोमीटरची. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपल्या डोक्याचा एक केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज करावा.

१९३१ मध्ये बर्लिन येथे एर्न्स्ट रुस्का आणि माक्स नोल यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत वापरून पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभा केला. रुस्का यांना नोबेल मिळाले ते १९८६ मध्ये, म्हणजे ५५ वर्षांनी! आपला देशही मागे राहिला नाही. कलकत्त्यात नीरजनाथ दासगुप्ता यांनी १९४० च्या दशकात भारतातील पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बांधला. आज मुंबईत पवईच्या आय.आय.टी.मध्ये अशा यंत्रांची सोय आहे आणि विज्ञान शाखेतील मेहनती विद्यार्थ्याला नाशिकहून तेथवर पोहोचणे अशक्य नाही.

१९५० च्या दशकात स्वीडनच्या एंगस्ट्रॉम आणि व्हेर्सेल यांनी हे यंत्र कानाकडे वळवले. १९६५ मध्ये केंब्रिजच्या कारखान्यातून पृष्ठभाग न्याहाळणारा 'स्कॅनिंग' इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बाजारात आला आणि रोमपेशींचे झुबके प्रथमच उठावदार दिसू लागले. ते केस वेडेवाकडे नव्हते. मागे उंच, मध्ये मध्यम, पुढे ठेंगणे अशा जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे ते रचलेले होते.

१९८४ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे पिकल्स, कॉमिस आणि ऑस्बर्न या तिघांना त्या पायऱ्यांमध्ये एक धागा दिसला. ठेंगण्या केसाचे टोक त्याच्या मागच्या उंच केसाला एका अतिसूक्ष्म धाग्याने बांधलेले होते. या धाग्याची लांबी सुमारे १५० नॅनोमीटर. आवाजाने झुबका कलला की धागा ताणला जातो, केसाच्या टोकावरील दार उघडते, क्षारांचे भारित कण आत शिरतात आणि विजेचा संदेश मेंदूकडे निघतो. २००७ मध्ये हा धागा कॅडहेरिन-२३ आणि प्रोटोकॅडहेरिन-१५ या दोन प्रथिनांचा बनलेला असल्याचे सिद्ध झाले. यांपैकी एका प्रथिनाच्या जनुकात बिघाड झाला तर मूल जन्मतः बहिरे होऊ शकते. त्या आईच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. पडदा शाबूत असतो, हाडे शाबूत असतात. तुटलेला असतो तो धागा, आणि तो कोणत्याही डॉक्टरच्या बॅटरीने दिसत नाही.

सुताराचा रंधा आणि दिवा

एक अडचण मात्र उरली होती. स्कॅनिंग सूक्ष्मदर्शकाला वरचा पृष्ठभाग दिसतो, आतले दिसत नाही. जुन्या पद्धतीत आतले पाहण्यासाठी नमुना हिऱ्याच्या सुरीने कापून ५० ते ७० नॅनोमीटर जाडीचे काप काढावे लागत. काप चुरगळत, हरवत, मागचा-पुढचा जुळत नसे. शेकडो कापांतून एका पेशीचे संपूर्ण चित्र जुळवणे म्हणजे फाटलेल्या वहीची पाने वाऱ्यात गोळा करण्यासारखे होते.

यावर उपाय सापडला तो भलत्याच धंद्यातून. १९७० च्या दशकात गॅलियम धातूच्या आयनांचा अतिशय बारीक झोत तयार करण्याची युक्ती साधली. पुढे इलेक्ट्रॉनिक चिप बनवणाऱ्यांनी हा झोत चिप कोरण्यासाठी आणि दुरुस्त करण्यासाठी वापरला. सन २००० नंतरच्या दशकात जीवशास्त्रज्ञांनी तो पेशींच्या अभ्यासात आणला. याला 'केंद्रित आयन झोताचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक' म्हणतात.

त्याचे काम असे चालते. प्रयोगशाळेतील उंदराचा कर्णावर्त प्रथम रसायनाने जसाच्या तसा टिकवतात. हाडातला चुना विरघळवतात किंवा नाजूक पट्टी अलगद सोडवून घेतात. ऑस्मियमसारख्या जड धातूने रंगवतात, म्हणजे इलेक्ट्रॉनला तो भाग उठून दिसेल. मग सारे टणक राळेत ओतून घट्ट करतात. हा ठोकळा यंत्रात ठेवला की दोन झोतांचे काम सुरू होते. आयनांचा झोत सुताराच्या रंध्यासारखा, सुमारे १० नॅनोमीटरचा एक थर तासून काढतो. इलेक्ट्रॉनचा झोत दिव्यासारखा, उघड्या पडलेल्या पृष्ठाचे छायाचित्र घेतो. पुन्हा रंधा, पुन्हा छायाचित्र. एका केसाच्या जाडीत असे ८,००० थर निघतील! हे काम दिवसचे दिवस अखंड चालते. शेवटी संगणक ही सारी चित्रे एकावर एक रचतो आणि रोमपेशीची पूर्ण घन आकृती तयार होते. ती फिरवून, उलटून, कोठेही छेद देऊन पाहता येते.

या पद्धतीने केस पेशीत रोवला जातो ती मुळी कशी आहे, धागे कोठे कोठे आहेत, कोणते प्रथिन कोणत्या जागी आहे हे मोजता येऊ लागले. २०२० मध्ये हार्वर्डशी संबंधित संशोधकांनी उंदराच्या रोमपेशींची अशी चित्रमालिका जगातील सर्व अभ्यासकांसाठी खुली केली. त्यांनी एका प्रथिनाला सोन्याचे सूक्ष्म कण चिकटवून केसांच्या पृष्ठावर ते नेमके कोठे बसते हे दाखवले. २०२४ मध्ये त्याच प्रथिनाच्या जनुकातील दोष काही कुटुंबांतील बहिरेपणाशी जोडला गेला.

आपल्या घरातला प्रश्न

येथे इतिहास आपल्या दारात येऊन उभा राहतो. केसाची मुळी बांधणाऱ्या 'ट्रायओबीपी' या जनुकातील दोष २००६ मध्ये उजेडात आला. तो सापडला भारत, पाकिस्तान आणि पॅलेस्टाईनमधील कुटुंबांत. हे जनुक बिघडवलेल्या उंदरांमध्ये केसाला मुळीच तयार होत नाही, असे २०१० मध्ये दिसून आले. पाया नसलेला खांब जसा डळमळतो, तसा तो केस टिकत नाही.

असा दोष आई आणि बाप या दोघांकडून आला तरच मूल बहिरे होते. जवळच्या नात्यात दोघांकडे एकच दोष असण्याची शक्यता वाढते. सर्वसाधारणपणे १०० बाळांपैकी सुमारे तिघांत काही जन्मजात व्यंग आढळते. सख्ख्या चुलत, मामे, मावस किंवा आत्येभावंडांच्या विवाहात हे प्रमाण साधारण दुप्पट होते, असे मानले जाते. हा धर्माचा दोष नव्हे. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करणारे इतर समाजही आहेत. आपल्या धर्मात असा विवाह जायज आहे, पण तो फर्ज नाही. ज्या घरात एक मूल ऐकत नाही, त्या घराने पुढचे नाते जवळच्या नात्यात जुळवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि हेही तितकेच खरे की पुष्कळ बहिरी मुले नात्याबाहेरच्या जोडप्यांना होतात. तेव्हा सुनेला दोष देणे थांबवा. दोष कोणाच्याही वागण्यात नाही. तो १५० नॅनोमीटरच्या धाग्यात आहे.

दुसरी गोष्ट जन्माची नाही, कमाईची आहे. आपल्यापैकी कित्येकांचे नातलग मालेगावात माग चालवतात. मागाच्या शेडमधला खडखडाट अनेकदा ९० डेसिबलच्या वर असतो. आठ तासांच्या कामासाठी कारखाना नियमांची मर्यादा तेवढीच आहे. संध्याकाळी माग थांबल्यावर कानात शिट्टी वाजते, ती रोमपेशींची तक्रार समजा. कानात बोळे घालण्याची लाज वाटू देऊ नका. लग्नाच्या वरातीतील, जुलूसमधील आणि मिरवणुकीतील डी.जे.च्या भिंतीजवळ लहान मुलांना उभे करू नका. कान कोणाचाही धर्म पाहून फुटत नाही.

तिसरी गोष्ट औषधांची. स्ट्रेप्टोमायसिन १९४४ मध्ये जगापुढे आले आणि त्याने असंख्य क्षयरोग्यांचे प्राण वाचवले. पण त्या जातीची काही इंजेक्शने काही रुग्णांच्या रोमपेशींना इजा करतात. औषध मनाने बंद करू नका. कानात आवाज येऊ लागला किंवा तोल जाऊ लागला तर डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा.

आता काय करता येते

१९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. निरोगी कान नुसता ऐकत नाही, तो स्वतःही अतिशय मंद आवाज परत पाठवतो. रोमपेशी जिवंत असल्याची ती खूण आहे. याच शोधावर आज नवजात बाळाची ओ.ए.ई. चाचणी उभी आहे. झोपलेल्या बाळाच्या कानात इवलीशी नळी ठेवतात. काही मिनिटांत काम होते, दुखत नाही. शंका आली तर पुढे 'बेरा' चाचणी करतात. एक महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचाराला सुरुवात हा नियम प्रत्येक आईबापाने पाठ करावा. भाषा शिकण्याचे वय वाट पाहत नाही.

आपल्या राज्यात सोयी आहेत. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये कर्णबधिरांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिला अली यावर जंग यांचे नाव आहे. ते उस्मानिया आणि अलिगढ विद्यापीठांचे कुलगुरू होते आणि १९७१ पासून १९७६ मध्ये निधन होईपर्यंत महाराष्ट्राचे राज्यपाल होते. केंद्र शासनाच्या 'एडीप' योजनेखाली श्रवणयंत्रे आणि लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटसाठी साह्य मिळते. शाळा-अंगणवाड्यांतील मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झाला. कॉक्लिअर इम्प्लांट रोमपेशींना वगळून थेट श्रवणाच्या नसेला विजेचा संदेश देते. मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांना या क्षेत्रातील कार्यासाठी ओळखले जाते; २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आणि २०२४ च्या आरंभी चीनमधून बातमी आली की एका विशिष्ट जनुकाच्या दोषामुळे बहिऱ्या असलेल्या सहा बालकांच्या कानात निरोगी जनुक सोडल्यावर पाच जणांना ऐकू येऊ लागले. प्रत्येक जातीच्या बहिरेपणावर हा उपाय अजून नाही; पण वाट उघडली आहे.

विद्यार्थी मित्रांनो, या वाटेवर तुमची गरज आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशिकमध्येच आहे आणि श्रवण व वाचा यांच्या पदवीचे शिक्षण त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांत मिळते. डॉक्टर किंवा इंजिनिअर एवढ्या दोनच वाटा आहेत असे समजू नका.

माझा तो विद्यार्थी पुढे श्रवणयंत्र लावून पहिल्या बाकावर बसला आणि दहावी उत्तीर्ण झाला. माझे त्याला उभे करणे त्याने कधी काढले नाही, मी मात्र विसरलो नाही. तेव्हापासून मी फळ्याकडे तोंड करून बोलत नाही. आधी लिहितो, मग वळतो, मग बोलतो. नव्या वर्षी प्रत्येक वर्गात पहिल्या आठवड्यात मागे उभा राहून हळू आवाजात नावे पुकारतो आणि कोण वळत नाही ते पाहतो. या तपासणीला पैसा लागत नाही. घरीही करता येते. मुलाच्या पाठीमागून हाक मारा.

फालोप्पियो ते आयन झोत एवढा प्रवास करून माणसाने कानाच्या आतला धागा पाहिला. आपल्यासमोर बसलेले मूल ऐकत नाही, एवढे तरी आपल्याला वेळेवर दिसावे. अल्लाहने दिलेल्या 'समअ'ची ही किमान हिफाजत आहे.